वळणात गाडीचं नाक बाहेर पळतंय म्हणून मागचा अँटी-रोल बार कडक करायचा का?

विजापूर_रोड:
माझ्याकडे जुनी बीएमडब्ल्यू झेड४ आहे, ई८९ मॉडेल, रिअर व्हील ड्राइव्ह. लांब वळणात अ‍ॅक्सिलरेटर थोडा धरून ठेवला की नाक बाहेर पळतं, स्टिअरिंग आणखी वळवलं तरी आत येत नाही. पुढे २२५ चे टायर, मागे २५५ चे. कंपनीनं हे मुद्दाम ठेवलंय: नाक बाहेर गेलं की माणूस घाबरून पाय काढतो आणि गाडी सावरते, मागचं टोक सुटलं तर बहुतेकांना सावरत नाही. कारण पटतं, पण मला गाडी तोलात हवी आहे.

माझं मत: मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडी फार झुकू न देणारी आडवी दांडी) जाड टाकावा. वळणात वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातं. टायरवरचं वजन दुप्पट झालं तरी पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. म्हणून ज्या अ‍ॅक्सलवर वजन जास्त सरकतं त्याची एकूण पकड घटते. मागचा बार कडक केला की या सरकण्यातला जास्त वाटा मागची चाकं घेतात, पुढच्या टायरांना मोकळीक मिळते. गॅरेजवाले थेट कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र, कडक सेट) बसवा म्हणतात. पण पुढे-मागे सारख्याच प्रमाणात कडक केलं तर तोल आहे तिथंच राहतो, फक्त कंबर मोडते.

शॉकअप_स्प्रिंग:
मालक, हिशोब बरोबर आहे, पण या गाडीला लागू नाही. ई८९ ला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक जागेवर फिरू लागलं तरी दुसऱ्यालाही ताकद देणारी यंत्रणा) नाही. मागचा बार कडक केला की वळणातून बाहेर पडताना आतलं मागचं चाक हलकं होतं, जागेवर फिरतं, आणि इलेक्ट्रॉनिक्स ब्रेक लावून ताकद कापतं.

पुढच्या टायरचा बाहेरचा शोल्डर, म्हणजे बाहेरची कड, बघा. तो झिजलाय आणि आतली कड तशीच आहे, तर दुखणं तिथं आहे. पुढे स्ट्रट (शॉकअपच चाकाला वरून धरतो अशी रचना) असल्यानं गाडी झुकली की बाहेरचं चाक बाहेर कलतं आणि टायर कडेवर चालतो. कँबर प्लेट (स्ट्रटचं वरचं टोक आत सरकवणारी प्लेट) टाकून निगेटिव्ह कँबर, म्हणजे चाकाचा वरून आत झुकलेला कोन, दोन अंशांच्या आसपास न्या, टो (वरून पाहता चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) शून्याजवळ ठेवा. यात पुढची पकड वाढून तोल येतो. तुम्ही मागची पकड घालवून तोल आणताय.

जुळे_सोलापूरकर:
आधी हवा बघा की! तापमान १० अंश सेल्सिअसनं वाढलं की टायरमधला दाब साधारण दीड पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) वाढतो. सकाळी गार टायरमध्ये भरलेली हवा मे महिन्यात दुपारी होटगी रोडवर वेगळीच असते. पुढे-मागे दोन पीएसआयचा फरक केला तरी वळणात कळतं, आणि खर्च शून्य. मग लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांडीचे) रबरी बुश तपासा. बुश गेलेले असतील तर अलाइनमेंट मशीनवरचे आकडे वळणात टिकतच नाहीत. एका वेळी एकच गोष्ट बदला.

तुळजापूर_नाका:
माझा या सगळ्यालाच विरोध आहे. तुम्ही हे तपासणार कुठं? तुळजापूरच्या घाटातच ना? कोजागरीला त्या रस्त्यानं हजारो माणसं चालत जातात. गाळपाच्या हंगामात मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या असतात. वळणात ट्रॉली दिसली की तुम्ही पाय काढून स्टिअरिंग फिरवणार. पाय काढला की वजन पुढे जातं, मागचं टोक हलकं होतं. तेव्हाच कडक बार मागची पकड सोडतो आणि गाडी फिरते. कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर नेणार असाल तर खुशाल बदला. आपल्या रस्त्यावर कंपनीनं दिलेलं नाक बाहेर पळणं हीच तुमची सुरक्षा आहे.

विजापूर_रोड:
ट्रॉलीचा मुद्दा मान्य, घाटात तपासणार नाही. हवा आणि बुश आधी बघतो. पण दोन अंश कँबरवर रोज पुणे हायवेला चालवली तर टायरची आतली कड लवकर जाणार, आणि रस्त्यावरच्या चरांमागे स्टिअरिंग खेचत राहणार. अ‍ॅडजस्टेबल बारला लिंक (बार सस्पेन्शनला जोडणारी छोटी दांडी) लावायला दोन-तीन भोकं असतात, भोक बदललं की कडकपणा बदलतो. एरवी मऊ भोकात ठेवेन, ट्रॅकवर कडक करेन. कँबर असा घडीघडी बदलता येत नाही.

शॉकअप_स्प्रिंग:
बाजारात मिळणारे बहुतेक जाड बार सगळ्यात मऊ भोकातही कंपनीच्या बारपेक्षा कडकच असतात. म्हणजे ट्रॉली समोर आली त्या दिवशीही तो कडकच असणार. कँबर दीड अंशावर ठेवा, टो नीट असेल तर आतली कड तुम्ही समजताय तितकी झिजत नाही. ती बहुतेक वेळा टो खातो.