लॉगिनशिवाय भरायचा अनेक टप्प्यांचा फॉर्म: सेशन कसे टिकवावे?

प्रश्न:
आमचा फॉर्म पाच टप्प्यांचा असून तो लॉगिन न करता भरता येतो. प्रत्येक टप्प्याची माहिती आम्ही सेशनमध्ये, म्हणजे सर्व्हरवर त्या ब्राउझरपुरत्या ठेवलेल्या तात्पुरत्या नोंदीत, साठवतो. परंतु एखाद्याने तोच फॉर्म दोन टॅबमध्ये उघडला, तर दुसऱ्या टॅबमधील पत्ता पहिल्या अर्जात जाऊन बसतो. आयपी ॲड्रेसवरून वापरकर्ता ओळखावा का?

उत्तर १:
आयपीवर अजिबात विसंबू नये. एकाच राउटरमागील अनेक जण बाहेरून एकाच आयपीने दिसतात, आणि फोन वायफायवरून मोबाइल डेटावर गेला की आयपी बदलतो. पहिल्याच टप्प्यावर सर्व्हरने १२८ बिटांचे रँडम टोकन (अंदाज बांधता न येणारी ओळखखूण) तयार करून ते कुकीत, म्हणजे ब्राउझर जपून ठेवतो आणि रिक्वेस्टसोबत परत पाठवतो त्या छोट्या नोंदीत, द्यावे; ही कुकी सिक्युअर (फक्त एन्क्रिप्टेड जोडणीवरून जाणारी) व एचटीटीपी-ओन्ली (पानावरील स्क्रिप्टला वाचता न येणारी) असावी. टॅबचा घोळ मात्र एवढ्याने सुटणार नाही, कारण कुकी सर्व टॅबमध्ये सामाईक असते; म्हणून प्रत्येक अर्जाला स्वतंत्र मसुदा क्रमांक देऊन तो यूआरएलमध्ये ठेवावा आणि तो मसुदा त्याच कुकीधारकाचा आहे, हे प्रत्येक रिक्वेस्टला सर्व्हरवर तपासावे.

उत्तर २:
ही तपासणी राहिली, तर यूआरएलमधील क्रमांक बदलून दुसऱ्याचा अर्ज उघडता येतो, आणि माझ्या मते टॅबच्या घोळापेक्षा हे कितीतरी गंभीर आहे. शेवटच्या टप्प्यावर पैसे भरायचे असतील, तर तेही तपासा: पेमेंट गेटवे (पैसे स्वीकारणारी बाहेरची साइट) वापरकर्त्याला पोस्ट रिक्वेस्टने (फॉर्म पाठवण्याच्या पद्धतीने) परत पाठवत असेल, तर सेमसाइट लॅक्स (दुसऱ्या साइटवरून आलेल्या रिक्वेस्टसोबत कुकी पाठवण्यावर मर्यादा घालणारी सेटिंग) असलेली कुकी सोबत येत नाही आणि सेशन हरवल्यासारखे दिसते.

प्रश्नकर्ता:
मसुदा क्रमांक लावल्यावर दोन्ही टॅबमधील पत्ते वेगळे राहिले. मनापासून आभार. अर्धवट मसुद्यांचे काय करावे?

उत्तर १:
त्यांत लोकांची खासगी माहिती असते. मुदत ठरवून ते पुसावेत आणि ती मुदत पहिल्याच पानावर स्पष्ट लिहावी.