वय ४९, सतरा महिने घरी आहे. दिवस कशाच्या आधारावर काढायचा?

भोसरीकर७६:
नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतं वाचतोय, आज लिहायला बसलो कारण घरात हे कोणाशी बोलता येत नाहीये.

मेकॅनिकल डिप्लोमा १९९६ चा. २३ वर्षं एकाच कंपनीत, टूलरूम मेंटेनन्सला. डाय, फिक्स्चर, प्रेस टूल, हेच आयुष्य. कंपनीने आमची लाइन दुसऱ्या राज्यात हलवली, तिकडे चला नाहीतर व्हीएसएसवर, म्हणजे पैसे घेऊन स्वेच्छेने नोकरी सोडायच्या योजनेवर, सही करा म्हणाले, आई ७८ ची, मुलगी तेव्हा दहावीला, मग सही केली. आलेल्या पैशातून होम लोन फेडलं. बायको शाळेत शिक्षिका आहे, तिच्या पगारात घर चालतंय. हे आधीच सांगतो कारण माझा प्रश्न पैशाचा नाहीये, निदान आज तरी नाही.

प्रश्न असा आहे की अजूनही ५.१० ला डोळे उघडतात. अलार्म बंद करून वर्ष झालं तरी. फर्स्ट शिफ्टची बस आमच्या कोपऱ्यावर ५.५० ला थांबते, माझी नाही आता, दुसऱ्या कंपनीची, पण त्यात आमच्यातले तिघंचौघं असतात. मी दूध आणायला सहानंतर जातो. बस गेल्याचा आवाज आला की चप्पल घालतो. हे बायकोला माहीत नाही.

मग पेपर, चहा, मोबाईल. पोर्टलवर अर्ज टाकतो, सुरुवातीला फोन यायचे, वय विचारलं की "कळवतो". मुलगी कॉलेजला, बायको शाळेत, घरात मी आणि आई. तीन वाजतात आणि मला सांगता येत नाही की दहा ते तीन मी काय केलं. झोपलेलो पण नसतो. नळ दुरुस्त केले, मिक्सरचा कपलर बदलला, सोसायटीच्या पंपाची ग्लँड भरून दिली, सगळं करून झालं. ते संपलं की परत तेच.

आई शेजारच्या काकूंना सांगते की "त्याला नाईट असते म्हणून दिवसा घरी". मी आतून ऐकतो. ती कोणाला फसवायला नाही सांगत, मला झाकायला सांगते. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

घरी राहून माणसाला आपण कशासाठी उठतोय हे कसं सापडतं? छंद जोपासा, योगा करा, हे ऐकलंय. ज्यांनी खरंच असे दिवस काढलेत त्यांनी सांगा.

अर्धीवाटी:
दादा, मी नाशिकची, आमच्याकडे हे दोन वर्षं होतं, फक्त मी तुमच्या मिसेसच्या जागी होते. म्हणून त्या बाजूने सांगते, रागवू नका.

आमचे हे पण सगळं दुरुस्त करत सुटले होते. मग मला मदत करायला लागले. कांदा चिरून देऊ का, कपडे घालू का वाळत, आज भाजी कुठली करू. मी ऑफिसातून दमून यायचे आणि दारातच हा प्रश्न. मला रडू यायचं आणि कारण सांगता यायचं नाही कारण माणूस तर मदतच करतोय ना. सहा महिन्यांनी एकदा मी बोलून टाकलं की मला मदत नकोय, मला संध्याकाळचा स्वयंपाक डोक्यातून काढून टाकायचाय. त्याचा अर्थ त्यांना लगेच कळला नाही. म्हणजे भाजी काय, ती आहे का घरात, नसेल तर कधी आणायची, मटकी आज भिजवली तरच परवा उसळ होणार, कणीक किती उरलीय, सिलिंडर कधी लावला, हे सगळं. मला विचारायचं नाही. चुकलं तर चुकलं, पिठलं भात खाऊ.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले, खोटं कशाला सांगू. भाजी खारट, पोळ्या वातड, आणि मी तोंड बंद ठेवायचं हे मलाही जमत नव्हतं. पण हळूहळू असं व्हायला लागलं की दुपारी चारला ते कुठेही असले तरी घड्याळ बघायचे, कारण आपण नाही केलं तर घरात रात्री जेवण नाही. तुम्ही विचारताय ना कशासाठी उठायचं, त्यांना ते तिथे मिळालं असं मला वाटतं. नळ एकदा दुरुस्त झाला की संपतो, जेवण रोज लागतं.

आणि एक, बसचं मिसेसना सांगा. आम्हाला माहीत असतंच बहुतेक वेळा.

लालबागची_मुलगी:
तुमची बस वाचली आणि मला भोंगा आठवला.

माझे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर, बाबा तेव्हा ४३ चे आणि मी सहावीत. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच नाही, त्यामुळे "आता नोकरी गेली" असं म्हणायचा एक दिवसही त्या लोकांना मिळाला नाही. बाबा कितीतरी महिने पाळीच्या वेळेला उठून, दाढी करून गेटापर्यंत जाऊन यायचे. कोणी बोलवलेलं नसायचं. येऊन भिंतीला टेकून बसायचे. चाळीतली निम्मी माणसं कोकणात, घाटावर निघून गेली, आमचं गावाला काही नव्हतं.

आईने खानावळ सुरू केली, गिरणगावात तेव्हा घराघरात बायकांनी हेच केलं. दहा बाय बाराच्या खोलीत चौदा डबे. बाबांनी पहिलं वर्षभर त्याला हात लावला नाही, आणि ह्यावर लोक आता त्यांना नावं ठेवतील, पण मी त्यांचा चेहरा बघितलाय. मग आईला टायफॉइड झाला. डबे तर जायला हवे होते, माणसं पैसे देऊन बसलेली. बाबा पहाटे भायखळ्याला भाजी आणायला गेले ते मग वीस वर्षं जात राहिले. एक वही घातली, कोणाला तिखट चालत नाही, कोणाचा गुरुवार, कोणाचं किती बाकी. रात्री चौदाच्या चौदा डबे घासून, झाकणं उघडी ठेवून भिंतीला रांगेत लावायचे, डबा आणि झाकण आपापल्या नंबराने, जसे खात्यात बॉबिन लावत असतील तसे. मी त्या रांगेच्या शेजारी झोपायचे.

त्यांना कधी "मी खानावळ चालवतो" असं म्हणताना ऐकलं नाही. कोणी विचारलं तर "हिचं आहे" म्हणायचे. पण एकदा माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय ह्या रकान्यात मी "गिरणी कामगार" लिहिलं तर ते थोडा वेळ बघत बसले आणि म्हणाले खोडून खानावळ लिही. तेव्हा संपाला सात वर्षं झाली होती. तुम्हाला सतरा महिने झालेत. वेळ लागतो दादा, आणि तो लागला म्हणून तुमच्यात काही कमी आहे असं नाही.

पंचगंगा_काठ:
वरच्या दोघींनी जे लिहिलंय त्याला एक जुना अभ्यास जोडतो, मी कोल्हापुरात समाजशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं गाव, सगळं गाव एका कापडगिरणीवर. १९२९ - ३० मध्ये गिरणी बंद पडली आणि जवळपास अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइसेल ह्यांनी सहकाऱ्यांबरोबर तिथे जाऊन अभ्यास केला, १९३३ ला तो छापून आला. लोकांना आता मोकळा वेळ भरपूर, तर वाचनालयात गर्दी व्हायला हवी ना? उलट झालं, पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं, वर्गणी माफ असूनही. रस्त्यावरून माणसं किती वेगाने चालतात हेही त्यांनी मोजलं, पुरुष हळू चालायचे, जागोजाग थांबायचे. दिवसभरात काय केलं ते लिहून द्या म्हटलं तर पुरुषांना सकाळ दुपार सांगताच यायची नाही. तुम्ही दहा ते तीनचं लिहिलंत ते वाचून मला तेच कागद आठवले. तेव्हा हा तुमचा आळस नाही, कामाबरोबर वेळेचा सांगाडा जातो तेव्हा माणसाचं असं होतं.

आणि बायकांचं काय? त्याही गिरणीत होत्या, त्यांचाही पगार गेला होता. पण घर, मुलं, स्वयंपाक होतंच, त्यामुळे त्यांचा दिवस दिवस राहिला. ओझं होतं ते, गोड मानून घ्यायचं कारण नाही, पण त्यांना तीन वाजता कुठे असायचं हे माहीत असायचं. याहोदांनी पुढे मांडलं की नोकरी पगाराशिवाय पाच गोष्टी देते : वेळेची घडी, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, चारचौघांनी मिळून करायचं काम, समाजात एक ओळख आणि रोजची हालचाल. अर्धीवाटी म्हणतात त्या स्वयंपाकाने पहिली आणि शेवटची भागेल. बाहेरच्या माणसांचं मात्र वेगळं बघा, ते घरात बसून नाही भागत. बसची वेळ टाळू नका असं मलाही वाटतं.

व्हीएमसी_ऑपरेटर:
मी इचलकरंजीचा, ४४, अकरा महिने झाले. सगळ्यांचं पटलं पण अर्ज टाकणं सोडू नका भाऊ. मी फक्त सकाळी १० ते १२ तेच करतो आणि मग लॅपटॉप बंद, दिवसभर मोबाईलवर जॉब बघत बसलं की डोकं फिरतं. आयटीआयमध्ये तासिका तत्त्वावर निदेशक घेतात, टूलरूमचा २३ वर्षांचा माणूस त्यांना मिळत नाही, जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन प्राचार्यांना भेटा, ऑनलाइनची वाट बघू नका.

दुसरं, तुम्ही आता पन्नाशीला आलात, कोणीतरी सांगेल की पीएफची पेन्शन ५० ला सुरू होते, घेऊन टाका. होते सुरू, पण ५८ ला जितकी वर्षं कमी तितकी दर वर्षामागे ४ टक्के कापून, आणि ती कपात मग कायमची. घर चालतंय तोवर हात लावू नका.

आणि जेवण जात नाही लिहिलंय म्हणून सांगतो, माझी रात्रीची झोप पूर्ण गेली होती, डोक्यात नको ते यायचं. १४४१६ ला फोन केला, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मी तीनदा केला. लाज वाटली पहिल्यांदा, आता नाही वाटत.

भोसरीकर७६:
तीन आठवड्यांनी लिहितोय, सगळ्यांचे उत्तर तेव्हाच वाचले होते पण आधी काहीतरी करून मग लिहावं म्हटलं.

बायकोला बसचं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, दूध रोज सहानंतर का येतं हे मला कळत नव्हतं का?" आणि बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग संध्याकाळचा स्वयंपाक मी मागून घेतला. मदत म्हटलं नाही, अर्धीवाटी ताई, तुमचंच वाक्य वापरलं. पाव किलो गवार निवडायला ५० मिनिटं लागली पहिल्या दिवशी, आता २० मध्ये होते.

दुसरं आईचे डोळे. काचबिंदू आहे, दोन वेगळे ड्रॉप, एक सकाळ-रात्र आणि एक फक्त रात्री. हे आजवर बायको घाईत घालायची, कधी आई स्वतः, निम्मं औषध गालावर. मी डॉक्टरांकडे जाऊन नीट विचारून आलो. खालची पापणी खाली ओढायची, एकच थेंब, बाटलीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक मिनिट हलका दाबून धरायचा, आणि दुसऱ्या बाटलीच्या आधी पाच मिनिटं थांबायचं. कंपनीत मशीनला लावायचो तसा चार्ट करून फ्रिजवर लावलाय, तारीख, वेळ, सही. रात्री नऊला आई स्वतःच खुर्चीत मान मागे करून बसते आणि हाक मारते. त्या पाच मिनिटांत आम्ही बोलतो. गेल्या २३ वर्षांत मी तिच्याशी रोज पाच मिनिटं बोललो नव्हतो हे मला आत्ता कळतंय.

आयटीआयमध्ये जाऊन आलो, प्राचार्य भेटले, जागा निघेल तेव्हा कळवतो म्हणाले. हा कळवतो खरा निघतो का बघू. १४४१६ सेव्ह केलाय, अजून लावला नाही, पण आहे ते बरं वाटतं. काही दिवस अजून वाईट जातात, परवाचा रविवार वाईट गेला, काही कारण नव्हतं.

काल पावणेसहाला दूध आणायला गेलो. बसजवळ आमच्यातला एक उभा होता, म्हणाला काय करतोस सध्या, आणि मी म्हणालो, घरी असतो, आईचं आणि स्वयंपाकाचं मी बघतो. तो म्हणाला माझ्या आईला पण काचबिंदू निघालाय, तो चार्ट पाठव ना. पाठवला.

अर्धीवाटी ताई, एक विचारायचं होतं. शेवग्याची आमटी करतो तेव्हा तूरडाळ कुकरला चांगली शिजते, रवीने घोटतो पण, तरी वाटीत घेतली की पाणी वर आणि डाळ खाली. घट्ट केली तर आईला गिळायला त्रास होतो. कुठे चुकतंय?

अर्धीवाटी:
दादा, वरून गार पाणी घालत असणार तुम्ही. उकळतं घाला, आणि शेंगा घातल्यावर बारीक गॅसवर दहा मिनिटं तरी उकळू द्या, मिळून येते. आईंच्या वाटीतल्या शेंगांचा गर चमच्याने काढून आमटीतच घाला, त्यांना चावायला नको.