कृतज्ञतेची वही: कधी लिहावी, कधी मिटून ठेवावी

कृतज्ञतेची वही म्हणजे ज्यांबद्दल आभार मानावेसे वाटतात त्या गोष्टी लिहून ठेवायची वही. केमोच्या, म्हणजे कॅन्सरवरच्या औषधोपचाराच्या, दिवसांत ती खोटी वाटते, असं कुणी म्हणेल. रास्त आहे. केमोसोबत दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडने झोप उडू शकते, चिडचिड होते. त्या दिवसांत वही मिटलेलीच राहू द्या. एरवी आधी त्रासाची एक ओळ लिहा, मग चांगलं एक-दोन. त्रास गिळून मानलेले आभार मनाला पटत नाहीत. नोंद नेमकी हवी: 'घरचे चांगले आहेत' हे लवकरच कोरडं होतं, 'सुई टोचताना ताईने हात धरला' हे टिकतं.

एमन्स आणि मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांच्या २००३च्या अभ्यासात स्नायू-मज्जातंतूंचे आजार असलेल्यांनी २१ दिवस रोज कृतज्ञतेच्या नोंदी केल्या. त्यांना प्रसन्न वाटलं, झोपही सुधारली. आजार मात्र याने बरा होत नाही. म्हणून रुग्णाला 'पॉझिटिव्ह राहा' असं बजावू नका, कृपया. आजार वाढला की रुग्ण स्वतःलाच दोष देतो.

दोन आठवडे जवळजवळ रोज उदास वाटत असेल, कशातच रस नसेल, तर वहीवर भिस्त नको, डॉक्टरांना सांगा. नैराश्यावर औषधं आहेत, पण त्यातली काही टॅमॉक्सिफेन या स्तनाच्या कॅन्सरवरच्या औषधाचा परिणाम कमी करू शकतात, तेव्हा कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.