मदत हवी आहे : संगणकाने ठरवलेल्या अपात्रतेचा जाब कोणाला विचारावा?

नमस्कार. माझ्या विधवा मावशीचे शासकीय मासिक अनुदान चार महिन्यांपूर्वी अचानक बंद झाले. चौकशीला गेलो असता लिपिकाने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. नावापुढे ‘अपात्र – चारचाकी वाहन’ एवढेच लिहिले होते. मावशीच्या दारात आजवर सायकलही उभी राहिलेली नाही. नावसाधर्म्यामुळे दुसऱ्याच कोणाची गाडी तिच्या नावावर जोडली गेली असावी, असा माझा तर्क आहे. परंतु लिपिक म्हणतो यादी वरून आली, आणि वरचे म्हणतात ती प्रणालीने काढली.

ऑस्ट्रेलियात ‘रोबोडेट’ या संगणकाद्वारे थकबाकी ठरवणाऱ्या सरकारी योजनेने वार्षिक उत्पन्नाची पंधरवड्यांवर सरासरी काढून लाखो लाभार्थ्यांवर चुकीची थकबाकी लादली, तेव्हा २०२३ च्या चौकशी आयोगाने यंत्राकडे बोट न दाखवता मंत्री व अधिकाऱ्यांना जबाबदार धरले. इथे निदान सही करणारा तरी सापडावा.

माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला देणे बंधनकारक आहे. त्याआधारे पडताळणीचे निकष, जुळवलेला वाहन क्रमांक आणि निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम मागावे का, की वाहन क्रमांक त्रयस्थाची माहिती म्हणून नाकारला जाईल? असा अर्ज कोणी केला असल्यास त्यातील शब्दरचना कृपया कळवावी.