होडीच्या काट्यांऐवजी डिजिटल डिस्प्ले : तुमचे अनुभव सांगा

मे महिना लागला की आम्ही शेडमधल्या दोन्ही बोटी बाहेर काढतो. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका. त्याच्या आत मशिनी चालू होऊन तयार असाव्या लागतात. आमचं पथक छोटं, पूर आला की चिखली-आंबेवाडीच्या बाजूला उतरतं. यंदा मोठ्या बोटीचे टेंपरेचर, टाकी वगैरे दाखवणारे काटे काढून इंजिनाचं सगळं एका डिजिटल पडद्यावर आणायचा विचार चाललाय. ज्यांनी हे केलंय, करून पस्तावलेत किंवा मध्येच सोडलंय, त्या सगळ्यांनी लिहावं. आधी माझं सांगतो.

ऑगस्ट २०१९. बंधाऱ्याजवळ पाणी ५५ फुटांच्या वर, शिरोलीजवळ हायवे बंद. बोटीत एक आजी, त्यांची सून आणि दोन लहान मुलं. वाट उसाच्या रानावरून होती आणि ऊस पाण्याखाली गेलेला. मशीन ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरून लावायचं इंजिन. उसाचा पाला कुठंतरी पाणी ओढायच्या जाळीला चिकटला. मशीनच्या मागून थंड करणाऱ्या पाण्याची धार पडते ती बंद झाली, पण मागं बघायला कुणी मोकळं नव्हतं. टेंपरेचरचा काटा होता, त्याच्या काचेत आतून वाफ धरलेली. बझर वाजला असेल तर पावसात ऐकू आला नाही. मशीन गुदमरून बंद पडलं तेव्हा कळलं. विजेच्या खांबाला दोर टाकून बोट थोपवली, मग वल्ही. आजींनी मांडीवरचं गाठोडं खाली ठेवलं आणि न सांगता एक वल्हं हातात घेतलं.

सगळे सुखरूप पोचले. पण तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात आहे: मशीन तापतंय हे चालवणाऱ्याला वेळेत दिसलं पाहिजे. म्हणून हा धागा.

उद्यमनगर, ऑटो इलेक्ट्रिकचं काम, सव्वीस वर्षं

दादा, पडदा घ्यायच्या आधी अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची जोडणी बघा. माझं रोजचं काम ट्रॅक्टर-डंपरच्या वायरिंगचं, पण पुराच्या दिवसांत बोटी पण येत्यात. दहातल्या सात बोटींत काट्याची चूक नसतीया, थिंबलला, म्हणजे वायरीच्या टोकाच्या जोडाला, हिरवं धरलेलं असतंय. ओळखायची खूण सांगतो. मशीन चालू ठेवा, काटा बघा, मग लाइट लावा आणि पंप चालू करा. काटा हलला तर समजा अर्थ कच्ची हाय. त्यावर कितीबी भारी डिस्प्ले बसवला तरी तो तेच खोटं चार आकड्यांत दाखवणार.

दुसरं, सेन्सर. जुना काटा सेन्सरचा ओहम, म्हणजे विजेला होणारा विरोध, बघून चालतो. डिझेल टाकीच्या तरंगत्या सेन्सरचे दोन प्रकार जास्त सापडतात. अमेरिकन पद्धतीचा रिकाम्या टाकीला २४० आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम, तर युरोपियन रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८०. अमेरिकन सेन्सरवर युरोपियन सेटिंग राहिलं तर टाकी उलटी दिसत्या. रिकामी टाकी फुल दाखवत्या! हे सेटिंग विसरून एक बोट माझ्याकडनं गेलेली आणि नदीच्या मध्यात डिझेल संपलेलं. माणसं सुखरूप आली, पण त्या दिवसापासून मी टाकी रिकामी करून, पाच-पाच लिटर ओतून, दर वेळी आकडा वहीत लिहून घेतल्याशिवाय बोट सोडत न्हाई.

आणि जुना काटा ठेवून त्याच सेन्सरवर डिस्प्लेची वायर मारू नका. दोघं एका सेन्सरला लागले की दोघांचं रीडिंग बिघडतंय. काटा ठेवायचाच असंल तर सेन्सर वेगळा घाला.

टेंपरेचरचा सेन्सर काढून उकळत्या पाण्यात धरून बघायचा. फक्त १०० दाखवला पाहिजे म्हणून अडून बसू नका. आपलं कोल्हापूर समुद्रापासून साडेपाचशे मीटरच्या वर हाय, इथं पाणी ९८ अंशालाच उकळतंय. ९८ दाखवलं तर सेन्सर बरोबर.

नृसिंहवाडीच्या पुढं, नावेचा धंदा

मी डिस्प्ले बसवला आणि एक पावसाळा वापरला. टाकी, बॅटरी, चालू तास हे सगळं झकास. तासांचा आकडा मिळाल्यापासून ऑइल वेळेवर बदललं जातंय, आधी अंदाजपंचे होतं. पण ऑइल प्रेशरचा जुना काटा परत लावला. पन्नास माणसं बसलेली असताना आकडा वाचायला डोकं लावावं लागतं, काटा मात्र नजरेच्या कोपऱ्यातनं कळतो. उभा असला की बरा, आडवा पडला की बंद करा. एवढंच सांगायचं होतं.

मूळचा कोल्हापूरचा, बोट मालवणला

माझी मासेमारीची बोट, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, २४ व्होल्ट. काम फोंडा घाटातनं खाली नेलेल्या आपल्याच एका पोरानं केलं. आमच्याकडे एनएमईए २००० नावाची पद्धत वापरली. यात सगळ्या यंत्रांची माहिती एकाच मुख्य केबलवरून धावते आणि प्रत्येक यंत्र टी-जोडाला लागतं. आतून ती कॅन बसच आहे, आजच्या गाड्यांत असते तशीच, सेकंदाला अडीच लाख बिट. इंजिन जुनं असल्यानं सेन्सरचे ओहम वाचून या भाषेत बोलणारा कन्व्हर्टर मध्ये घालावा लागला.

पहिली अडचण व्होल्टेजची. ही केबल १२ व्होल्टवर चालते, ९ ते १६ च्या मर्यादेत. चोवीसवरून थेट दिली तर यंत्रं जळतात. वेगळा १२ व्होल्टचा कन्व्हर्टर बसवला. आमच्या शेजारच्या बारा व्होल्टच्या बोटीला उलटी अडचण आली. स्टार्टर मारला की बॅटरी नऊच्या खाली जायची आणि पडदा दर वेळी बंद होऊन नव्यानं सुरू व्हायचा. त्यांनी पडद्याला वेगळी छोटी बॅटरी दिली.

दुसरी अडचण मात्र आठवडाभर खात होती. जेटीवर सगळं नीट, खोल पाण्यात गेलो की आरपीएम गायब, दोन मिनिटांनी परत हजर. मला वाटलं पडदाच खराब आहे, बदलून मागणार होतो. शेवटी त्या पोरानं सगळी वीज बंद करून केबलच्या दोन डेटा वायरींत मल्टिमीटर लावला. १२० ओहम. तो म्हणाला, "मामा, साठ पाहिजे." या केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एक-एक टर्मिनेटर (टोक बंद करणारा छोटा जोड) लागतो, दोन मिळून साठ दिसतात. आमचं एक टोक उघडंच होतं, चिमूटभर वस्तू विसरलेली. ती लावल्यापासून एकदाही आकडा गेला नाही. हे मापन प्रत्येकानं पहिल्या दिवशी करावं, मिनिटभराचं काम आहे. आणि टी-जोडापासून यंत्रापर्यंतची वायर ६ मीटरच्या पुढं नेऊ नका.

शिरोळ तालुका, पथकात बोट चालवते

दोन गोष्टी. उन्हाचा पोलराइज्ड चष्मा घालून पडदा बघा, मगच विकत घ्या. काही पडदे त्या चष्म्यातून एका कोनात पूर्ण काळे दिसतात. मी दुकानात सावलीत बघून पसंत केला आणि नदीवर चष्मा कपाळावर ठेवून चालवावं लागलं.

दुसरं आरपीएमबद्दल. टू-स्ट्रोक मशिनीत चार्जिंग कॉइलच्या ठोक्यांवरून आरपीएम मोजतात. १२ पोलचं (चुंबकाच्या १२ ध्रुवांचं) मशीन असेल तर एका फेऱ्याला ६ ठोके. आमच्या पडद्यात ४ राहिले होते, त्यामुळे दीडपट दिसायचे, ९०० चे १३५०. मी महिनाभर मशीन विनाकारण हळू चालवत होते, आणि पुरात हळू चालवणं म्हणजे एक फेरी कमी होणं. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी फार वाईट वाटलं.

इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो

धागा काढणाऱ्या दादांच्या प्रसंगावर बोलायचंय, कारण तिथं नुसता टेंपरेचरचा डिस्प्ले पुरेसा पडेल असं मला वाटत नाही. पाण्याचा सेन्सर पाण्यात बुडलेला असतो तोवर खरं सांगतो. जाळी चोंदून पाणीच आलं नाही की त्याच्याभोवती हवा आणि वाफ उरते, आणि ती उष्णता पाण्यापेक्षा फार सावकाश पोचवते. सिलिंडर हेड, म्हणजे सिलिंडरवरचं धातूचं झाकण, तापलेलं असतं, आकडा मात्र मागं रेंगाळतो. शिवाय पाणी ओढणारा पंप रबराच्या पंख्याचा असतो. तो कोरडा फिरला की थोड्या वेळातच झिजून फाटतो. म्हणून पाण्याचा दाब मोजणारा सेन्सर घ्या. पाला चिकटला की दाब लगेच पडतो, तापायच्या आधी कळतं. आणि दुसरा सेन्सर थेट सिलिंडर हेडच्या धातूवर बसवा. पंचगंगेत जलपर्णी आहे, प्लॅस्टिक आहे, पुरात उसाचा पाला आहे. आपल्या नदीला दाबाचा आकडा सगळ्यात उपयोगी आहे.

धागा काढणारा

सगळे प्रतिसाद छापून पथकाच्या बैठकीत वाचून दाखवले. सरांचं दाबाबद्दलचं वाचलं तेव्हा खोली गप्प झाली, कारण २०१९ ला नेमकं तेच झालं होतं आणि आम्ही सहा वर्षं टेंपरेचरचाच विचार करत बसलो होतो. त्यामुळे आता ठरलंय ते असं. आधी सगळी अर्थिंग आणि थिंबलं नवी. मग पाण्याच्या दाबाचा सेन्सर आणि हेडवरचा सेन्सर. पडदा त्यानंतर, आणि तो शिरोळच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे चष्मा लावून, उन्हात बघूनच. बझर काढणार नाही, उलट मोठ्या आवाजाचा घेऊन चालवणाऱ्याच्या डोक्याजवळ बसवणार आणि सोबत लाल दिवा. आणि मागच्या धारेकडे बघायला प्रत्येक फेरीला एक माणूस नेमलेला असेल, पडदा असो वा नसो.

रविवारी सकाळी सात वाजता पंचगंगा घाटावर बोट उतरवतोय. उद्यमनगरच्या मामांनी मल्टिमीटर आणायचं कबूल केलंय. जाळीवर मुद्दाम उसाचा पाला बांधून दाब किती सेकंदात पडतो ते घड्याळ लावून मोजणार आहोत, आणि दाब पडला की लगेच मशीन बंद. ज्यांना स्वतः बघायचंय त्यांनी या. लाइफजॅकेट आठ आहेत, तेवढेच जण एका वेळी बोटीत.