उशीर बाईमुळे की कायद्यामुळे?

'अमेरिकेत सोयी आहेत, पण काही समाजांत गरोदरपणी लवकर डॉक्टरकडे जायची सवयच नाही', हे वरचं म्हणणं मला मान्य नाही. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय बायकांमधली तफावत इथे बोलून झाली, पण यादीत सगळ्यात तळाला कोण आहे ते कुणीच लिहिलं नाही. २०१६ च्या सरकारी जन्मनोंदींनुसार पहिल्या तीन महिन्यांत तपासणी सुरू झालेल्या गोऱ्या स्त्रिया ८२.३ टक्के, कृष्णवर्णीय ६६.५, आणि मूळच्या हवाई व पॅसिफिक बेटांवरच्या फक्त ५१.९. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायकांचे ते महिने तपासणीविनाच गेले!

यातल्या मार्शल बेटांच्या लोकांचंच बघा. १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेने त्यांच्या बेटांवर ६७ अणुचाचण्या केल्या. पुढे १९८६ च्या करारानुसार त्यांना व्हिसाशिवाय अमेरिकेत राहायची, काम करायची मुभा मिळाली. आर्कान्सामधल्या स्प्रिंगडेलला कोंबड्यांच्या कारखान्यांत राबणारे कितीतरी जण तेच. पण १९९६ च्या कायद्याने त्यांचा मेडिकेडचा, म्हणजे गरिबांच्या सरकारी विम्याचा, हक्क काढून घेतला. काही राज्यांनी आपल्यापुरती सोय केली, बाकीच्यांनी नाही. हा हक्क परत मिळाला थेट डिसेंबर २०२० मध्ये. कर भरायचा आणि दिवस गेले की विमा नाही, अशी चोवीस वर्षं काढलेल्या बायकांना सवय नाही म्हणणं मला फार अन्यायाचं वाटतं.