अल्बानियाच्या झेंड्यावरच्या दोन डोक्यांच्या गरुडात एवढं काय आहे?

रात्रपाळी:
काल २०१८ च्या वर्ल्डकपमधली सर्बिया-स्वित्झर्लंड मॅच परत बघितली. गोल मारल्यावर जाका आणि शाकिरी हातांचे अंगठे अडकवून बोटं पंखांसारखी पसरतात, तो म्हणे अल्बानियाचा गरुड, आणि त्यासाठी फिफाने प्रत्येकी १०,००० स्विस फ्रँक दंड ठोकला. पण खेळत होते स्वित्झर्लंडकडून ना? मग हे कशाला?

जुना_नकाशा:
अरे दोघंही मूळचे कोसोवोतले, म्हणजे सर्बियापासून फुटलेल्या भागातले अल्बानियन. तो झेंडा देशाचा कमी आणि लोकांचा जास्त आहे, तिथेच सगळी गंमत आहे. लाल कापडावरचा काळा गरुड हे स्कांदरबेगच्या, म्हणजे ऑटोमन तुर्कांशी लढलेल्या अल्बानियन वीराच्या, कास्त्रियोती घराण्याचं चिन्ह. १४४३ मध्ये हा माणूस ऑटोमन फौज सोडून आला, क्रुया गड घेतला आणि २८ नोव्हेंबरला तिथे झेंडा लावला असं मानतात. १९१२ ला व्लोरात इस्माईल केमालीने स्वातंत्र्य जाहीर केलं तेही २८ नोव्हेंबरलाच, म्हणून तो दिवस झेंड्याचा दिवस. राष्ट्रगीतसुद्धा झेंड्याचंच आहे, आणि चाल मात्र एका रोमानियन संगीतकाराची :)

कडकचहा:
+१. त्यांच्यात मुस्लिम, ऑर्थोडॉक्स, कॅथलिक सगळे आहेत, त्यामुळे धर्माच्या नावावर एकत्र येणं शक्यच नव्हतं, मग उरली भाषा आणि हा गरुड. स्कांदरबेग ख्रिश्चन म्हणून लढला, तरी तिथले मुस्लिमही त्याला आपलाच मानतात, मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं. कम्युनिस्टांनी गरुडाच्या डोक्यावर पिवळ्या किनारीचा तारा बसवला होता, १९९२ मध्ये तो गेला. कोसोवोने २००८ ला वेगळा निळा झेंडा घेतला पण लग्नात, मिरवणुकीत बघाल तर लालच.

ऑफसाईड:
सगळं खरं, पण शेजाऱ्यांच्या बाजूनेही बघा. २०१४ ला बेलग्रेडच्या सर्बिया-अल्बानिया मॅचमध्ये ड्रोनला लटकवून आणला तो साधा झेंडा नव्हता, त्यावर ग्रेटर अल्बानियाचा (शेजारच्या देशांतले भागही अल्बानियात धरणारा) नकाशा होता, मारामारी झाली, मॅच अर्धवट सोडावी लागली. १९९७ मध्ये मॅसेडोनियात गोस्तिवारच्या नगरपालिकेवरून हाच झेंडा उतरवताना तर माणसं मेली. त्यामुळे सर्बियाविरुद्धच्या मॅचमध्ये तो गरुड करणं म्हणजे डिवचणंच होतं, दंड मला तरी योग्य वाटला.

जुना_नकाशा:
ड्रोनचं मान्य. पण हातांच्या गरुडावर कुठे नकाशा होता?

रात्रपाळी:
बापरे, मला वाटलं गोलचं साधं सेलिब्रेशन असेल. आता ती ड्रोनवाली मॅच शोधतो.